समुद्राच्या आडोशानें दक्षिणेकडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शरदृतु सरूं लागला कीं, पूर्व किनाऱ्यावर एक निराळेंच स्थलांतर सुरू होतें. उत्तरेच्या थंडीला कंटाळलेलीं कुटुंबें आपापल्या खासगी नौका घेऊन फ्लॉरिडाच्या उबेकडे निघतात. कोणाची नौका शिडाची, कोणाची यंत्राची. मार्ग मात्र बहुधा एकच. व्हर्जिनियांतील नॉरफोक बंदरापाशीं या मार्गाचा शून्य मैल मानला जातो. तेथून मायामीपर्यंत हजाराहून अधिक मैलांची ही वाट समुद्राच्या अगदीं शेजारून, पण बहुतेक ठिकाणीं समुद्रांत न शिरतां, दक्षिणेस जाते.

उघडा समुद्र हाताशीं असतां ही आडवाट कशासाठीं, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर हॅटरस भूशिराजवळ मिळतें. तेथें उत्तरेकडील थंड पाणी आणि दक्षिणेकडून येणारा उष्ण आखाती प्रवाह यांची गांठ पडते. वाळूचे दांडे पाण्याखालीं दूरवर पसरलेले असून ते आपली जागाहि बदलीत असतात. या भागांत इतकीं जहाजें फुटलीं कीं, त्यास ‘अटलांटिकचें स्मशान’ असें नांव पडलें.

या संकटावर निसर्गानेंच अर्धा उपाय करून ठेविला आहे. आपल्या कोकणांतील खाड्या किनारा छेदून आंत शिरतात; तेथील पाणी किनाऱ्याला समांतर पसरलें आहे. बाहेरच्या बाजूस वाळूच्या लांबट बेटांची रांग, आणि तिच्या आड उथळ जलाशय, दलदली व नद्यांचीं मुखें. परंतु ही शांत पाण्याची पट्टी अखंड नाहीं. मध्येंच जमीन आडवी येते. १८०८ सालीं अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन यानें रस्ते व कालवे यांविषयीं सेनेटपुढें अहवाल ठेविला. त्यांत अशा चार भूपट्ट्या दाखवून, त्या कापल्यास उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुरक्षित जलमार्ग मिळेल, असें त्यानें सांगितलें.

त्यांपैकीं एका पट्टीवर कुदळ आधींच पडली होती. व्हर्जिनिया व उत्तर कॅरोलिना यांच्या सीमेवर ‘डिस्मल स्वॅम्प’, म्हणजे उदास दलदल, या नांवाचें विस्तीर्ण पाणथळ अरण्य आहे. तेथें १७९३ सालीं कालव्यास आरंभ झाला व १८०५ सालीं तो खुला झाला. लांबी सुमारें २२ मैल. हा कालवा खणला तो गुलामांनीं. मालक आपले गुलाम भाड्यानें देत, आणि श्रमाचा मोबदला मालकाच्या खिशांत जाई.

या कालव्यावर माल वाहणाऱ्या होड्यांचा तांडेल म्हणून मोझेस ग्रँडी नांवाचा एक गुलाम काम करीत असे. मालकास ठराविक रक्कम देऊन उरलेल्या कमाईंतून त्यानें पैसा सांठविला आणि ६०० डॉलर देऊन स्वतःस विकत घेतलें. मालकानें पैसे घेतले, आणि त्यालाच दुसऱ्यास विकलें. दुसऱ्या मालकालाहि त्यानें ६०० डॉलर दिले. पण त्यानें ग्रँडीस आधींच गहाण टाकलें होतें. तिसऱ्या खेपेस एका भल्या कप्तानानें ६५० डॉलरांस त्याला सोडविलें, व ती रक्कम फेडल्यावर तो खराखुरा स्वतंत्र झाला. एका माणसानें आपल्याच देहाची किंमत तीनदां मोजली! त्याचें आत्मवृत्त १८४३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. चिखलांत व पाण्यांत कमरेपर्यंत उभे राहून खणणाऱ्या गुलामांचें त्यांतील वर्णन वाचवत नाहीं. पुस्तकाचें उत्पन्न गुलामगिरींत राहिलेल्या त्याच्या नातलगांच्या सुटकेसाठीं होतें.

तीच दलदल कित्येकांस आश्रयहि देत होती. पळालेले गुलाम तिच्या आंतील उंचवट्यांवर वस्ती करून राहत. त्यांच्या वस्तींचे अवशेष पुढें पुरातत्त्व संशोधकांस सांपडले आहेत. दलदलीच्या कडेनें गुलामगिरीचा कालवा, आणि पोटांत स्वातंत्र्याचीं बेटें, असें तें चमत्कारिक अरण्य होतें.

१८५९ सालीं जवळच अल्बेमार्ल व चेसापीक हा दुसरा कालवा तयार झाला. त्याच्या खोदाईस वाफेचीं यंत्रें लाविलीं होतीं. याच वाटेनें नॅथॅनियल बिशप हा गृहस्थ दक्षिणेस गेला. १८७४ सालीं तो क्वेबेकहून निघाला. ट्रॉय या गांवीं त्यानें आपली लांकडी होडी सोडून अवघी ५८ पौंड वजनाची कागदी होडी घेतली, आणि एकट्यानें वल्हवीत १८७५ सालीं मेक्सिकोचें आखात गांठलें. त्याचें प्रवासवर्णन १८७८ सालीं निघालें. हौसेखातर लहान नावेनें या वाटेनें जाणाऱ्यांत त्याचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे.

खासगी कंपन्यांचे हे कालवे पुढें सरकारनें घेतले. अल्बेमार्लचा १९१३ सालीं, डिस्मल स्वॅम्पचा १९२९ सालीं. १९४२ सालीं जर्मन पाणबुड्या हॅटरससमोर जहाजें बुडवूं लागल्या, तेव्हां या आंतल्या मार्गाचें मोल सर्वांस पटलें. आज मालाचे पडाव त्यावर चालतातच; पण डिस्मल स्वॅम्पच्या कालव्यावर मुख्यत्वें हौशी नौकाच दिसतात.

तेथें पाणी झाडपाल्याच्या अर्कानें चहासारखें तांबूस झालेलें आहे. दोहों बाजूंस झाडी, आणि मध्यें ओळंब्यासारखा सरळ प्रवाह. एवढी सरळ रेषा निसर्ग ओढीत नाहीं; ती माणसांच्या हातांनीं ओढलेली आहे. त्या हातांच्या धन्यांचीं नांवें हिशेबाच्या वह्यांत राहिलीं. हातांचीं नांवें बहुतेक बुडालीं. ग्रँडीचें नांव तेवढें तरलें, कारण त्यानें आपली कथा स्वतः सांगितली.