संत मॅक्रिना (धाकट्या)

संत मॅक्रिना (इ.स. ३२७च्या सुमारास – इ.स. ३७९च्या सुमारास) या चौथ्या शतकातील ख्रिस्ती संत व तपस्विनी होत्या. निसाचे बिशप संत ग्रेगरी हे त्यांचे धाकटे बंधू. आजीचे नावही मॅक्रिनाच असल्याने त्यांना ‘धाकट्या मॅक्रिना’ असे म्हटले जाते.

जीवन

मॅक्रिना यांचा जन्म आशिया मायनरमधील (सध्याचे तुर्कस्तान) एका सधन ख्रिस्ती घराण्यात झाला. वडिलांचे नाव बेसिल, तर आईचे एमेलिया. भावंडांत त्या थोरल्या होत्या. सीझेरियाचे बिशप संत बेसिल आणि सेबास्टीचे बिशप पीटर हेही त्यांचे बंधू होत. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह ठरला. परंतु विवाहापूर्वीच नियोजित वराचा मृत्यू झाला. तो मृत नसून देवापाशी जिवंत आहे, केवळ प्रवासास गेला आहे, असे सांगून त्यांनी दुसरे स्थळ नाकारले.

वडिलांच्या निधनानंतर त्यांनी आईला संसाराचा भार वाहण्यास मदत केली व तान्ह्या पीटरचे संगोपन केले. पुढे पाँटस प्रांतात आयरिस नदीकाठच्या ॲनिसा येथील कौटुंबिक वाड्याचे त्यांनी मठात रूपांतर केले. तेथे मालकीण व दासी हा भेद उरला नाही. सर्व स्त्रिया एकाच पंक्तीस जेवत. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलींनाही तेथे आश्रय मिळाला. विद्वत्तेचा अभिमान घेऊन परतलेल्या बेसिल यांना वैराग्याकडे वळविले ते मॅक्रिना यांनीच, असे ग्रेगरी लिहितात.

अखेरची भेट

बेसिल यांच्या मृत्यूनंतर, अँटिऑक येथील धर्मसभेहून परतताना ग्रेगरी बहिणीच्या भेटीस गेले. अनेक वर्षांनी ही भेट होत होती. मॅक्रिना जमिनीवरील फळीवर रुग्णावस्थेत पडल्या होत्या. भावाचा शोक पाहून त्यांनी मृत्यू, आत्मा व पुनरुत्थान यांविषयी त्यांना उपदेश केला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रार्थना करीत त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीसाठी पाहता त्यांच्या संग्रही नेसूचे वस्त्र व अंगावरील क्रूस-अंगठीखेरीज काहीच नव्हते. अखेर आईचा काळा झगा त्यांच्या देहावर पांघरण्यात आला. आईवडिलांच्याच समाधीत त्यांना पुरण्यात आले.

महत्त्व

मॅक्रिना यांचे स्वतःचे लेखन उपलब्ध नाही. बेसिल यांच्या उपलब्ध लेखनातही त्यांचा नामोल्लेख आढळत नाही. त्यांची ओळख मुख्यतः ग्रेगरी यांच्या ‘मॅक्रिनाचे चरित्र’ व ‘आत्मा आणि पुनरुत्थान’ या ग्रीक ग्रंथांमुळे टिकली. दुसऱ्या ग्रंथात ग्रेगरी त्यांना ‘गुरू’ म्हणतात व स्वतः शिष्याची भूमिका घेतात. या संवादाची तुलना प्लेटोच्या ‘फीडो’शी केली जाते. त्यांतील विचार मॅक्रिना यांचे किती आणि ग्रेगरी यांचे किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

त्यांचा स्मृतिदिन १९ जुलै रोजी पाळला जातो.