कोतवाल बुकातला माणूस

धामणगाव रेल्वे या नावातच गावाचा अर्धा इतिहास आहे. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीने इथल्या कापसाला अपूर्व भाव आणला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोहोचली. यवतमाळला स्वतःचा लोहमार्ग मिळेपर्यंत तिकडच्या लोकांना जवळचे स्थानक धामणगावचेच होते. एवढे कोणत्याही गॅझेटियरात सापडते. पण ज्याच्या पाठीवरून कापसाच्या गठाणी गाडीत चढल्या, त्या माणसाचे चरित्र कोठे शोधावे?

ते आहे, पण तुकड्यातुकड्यांत. जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचा पुरावा शोधण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना हे तुकडे ठाऊक आहेत. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967; या तारखांच्या मागचा कागद हवा असतो. मग कोतवाल बुकाची नक्कल निघते, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा निघतो. कोतवाल बुकात पुष्कळदा मुलाचे नावही नसते. अमक्याला मुलगा झाला, जात अमुक, तारीख अमुक, इतकेच. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून बहुधा एकच शब्द, ताप.

या दोन नोंदींच्या मध्ये काय झाले असेल? आम्ही येथे कोणा एकाची कथा सांगत नाही. त्या काळात जन्मलेल्या कोणाही मजुराच्या आयुष्यात जे टळणे कठीण होते, तेवढेच मांडतो. 1896-97 आणि 1899-1900 या दोन्ही दुष्काळांत तो लहान असणार. वाढत्या वयात त्याने जिनाची वाट धरली असणार. जिनाचे काम हंगामी; पऱ्हाटी फुटली की सुरू, उन्हाळा लागला की बंद. उरलेले महिने दुसऱ्याच्या शेतावर. रुईचा बारीक धूर छातीत जायचा, खोकला घरी यायचा. 1918 साली मानमोडीची साथ आली आणि वऱ्हाडातल्या घरोघरी माणसे गेली. कामावर इजा झाल्यास भरपाई देण्याचा कायदा 1923 साली आला. तो त्याच्यापर्यंत पोहोचला की नाही, हे कोतवाल बुक सांगत नाही. त्याने पोरांना शाळेत घातले असेल, तर ती गोष्ट दाखल-खारीज रजिस्टरात एका ओळीत आहे.

येथे स्कॉटलंडची तुलना उपयोगी पडते. तेथे 1 जानेवारी 1855 पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद सक्तीची झाली. जन्माच्या नोंदीत बापाचा धंदा येतो, आईचे माहेरचे आडनाव येते. त्यामुळे बंगालच्या तागावर डंडीच्या गिरणीत राबणाऱ्या सामान्य संसारी माणसाचा पणतू आज त्याचा जीवनक्रम बऱ्यापैकी जुळवू शकतो: कोणते काम, कोणता पत्ता, कोणते घराणे. त्याच साम्राज्याने आमच्याकडे जात नेमाने लिहिली. धंदा लिहिलाच तर ‘मजुरी’ या एका शब्दात. तेथे माणूस कामाने ओळखला गेला, येथे जन्माने. संसाराचा निम्मा भार वाहणारी त्याची बायको तर त्या ओळीतही अनेकदा नसते.

म्हणून या नकलांविषयी आमच्या मनात दोन भावना आहेत. ज्या नोंदीने माणसाला जातीत बांधले, तीच नोंद आज त्याच्या नातवंडांना शिक्षणाचा आणि नोकरीचा हक्क मिळवून देते. ही थोडी गोष्ट नव्हे. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागल्यावर जुन्या दप्तरांचे मोल सर्वांच्याच ध्यानात आले. परंतु प्रमाणपत्र हाती पडले की नक्कल फायलीत जाते आणि पणजोबा पुन्हा ‘ताप’ या शब्दात विरून जातात.

आमची सूचना साधी आहे. नक्कल काढाल तेव्हा तिच्यामागे एक कोरा कागद जोडा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा: ते कोणत्या जिनात होते, मजुरी दिवसाची होती की आठवड्याची, आजीचे माहेर कोणते, कर्ज कोणाचे होते, ते फिटले का? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. कोतवालाने जे लिहिले नाही, ते लिहिण्याची मुदत त्या वृद्धाच्या हयातीइतकीच आहे.