कोबेन, कर्ट
(२० फेब्रुवारी १९६७ – ५ एप्रिल १९९४). अमेरिकन रॉक गायक, गिटारवादक व गीतकार. ‘निर्वाणा’ या बँडचा प्रमुख. जन्म वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅबर्डीन येथे. तो स्वस्त गिटारी वाजवी आणि मंचावर फोडी, म्हणून नादाविषयी बेफिकीर होता, असा समज रूढ आहे. तो टिकत नाही. दबलेले कडवे आणि उसळणारे ध्रुवपद ही त्याच्या रचनेची खूण. ती ‘पिक्सीज’ या बँडकडून घेतल्याचे त्याने स्वतःच मान्य केले होते. मंचावर हा भेद घडे तो बॉस कंपनीच्या डिस्टॉर्शन पेडलने : पायाच्या एका दाबासरशी स्वच्छ सूर खरखरीत होई. ‘कम अ‍ॅज यू आर’मधील (१९९१) थरथरता नाद स्मॉल क्लोन या कोरस पेडलचा; तो काढला, तर त्या गीताची ओळखच पुसते.

स्वस्त वाद्ये ही केवळ गरिबीची सोय होती, हा आक्षेप सुरुवातीच्या काळापुरता खरा आहे; तो डावखुरा होता आणि डावखुऱ्यांसाठीच्या गिटारी मुळातच कमी मिळत. पण ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमच्या (१९९१) यशानंतर पैसा असूनही त्याने फेंडर कंपनीची आखूड मानेची मस्टँग गिटार सोडली नाही. उलट मस्टँग व जॅग्वार यांची छायाचित्रे जोडून त्याने नव्या गिटारीचा आराखडा केला. फेंडरने त्यावरून जॅग-स्टँग घडवली. नोव्हेंबर १९९३ मधील ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ मैफलीत गीते साधनांवाचून उभी राहिली, असेही म्हणतात. वस्तुतः तेथेही त्याची मार्टिन डी-१८ई गिटार अँप्लिफायर आणि पेडलांना जोडलेली होती.