पुस्तकावरून थ्रीडी कॅरेक्टर ॲनिमेशन : काय शिकता येतं, कुठे अडतं?

कॉम्प्युटरवर तयार केलेल्या पात्राला चालवणं, बोलतं करणं, त्याच्या चेहऱ्यावर राग-लोभ दाखवणं या कामाला कॅरेक्टर ॲनिमेशन म्हणतात. बेळगाव, निपाणी, खानापूर किंवा कारवार भागातल्या एखाद्या मुलाला वा मुलीला हे शिकायचं असेल तर पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठायला हवं, असा सर्वसाधारण समज आहे. तिथल्या कोर्सची फी लाखांच्या घरात जाते आणि राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे अनेक घरांत हा विषय तिथेच संपतो.

दुसरी वाट पुस्तकाची आहे. सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पुस्तक एकदाच घ्यावं लागतं. ही वाट खरी आहे, पण पुस्तकातला कोणता भाग टिकतो आणि कोणता शिळा होतो हे आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर दोन आठवड्यांत पुस्तक कपाटात जातं.

पुस्तकं दोन जातींची

पहिल्या जातीचं पुस्तक सॉफ्टवेअर शिकवतं : कोणतं बटण कुठे आहे, हाडांचा सांगाडा कसा बसवायचा, हालचाल कशी नोंदवायची. टोनी मुलेन यांचं ‘इंट्रोड्युसिंग कॅरेक्टर ॲनिमेशन विथ ब्लेंडर’ (२००७) हे त्यातलं. दुसऱ्या जातीचं पुस्तक हालचाल शिकवतं : माणूस चालताना कंबर केव्हा खाली जाते, जड वस्तू उचलताना आधी काय होतं. रिचर्ड विल्यम्स यांचं ‘द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ (२००१) हे या जातीतलं सर्वांत प्रसिद्ध. त्यात कॉम्प्युटरच्या बटणांबद्दल जवळपास काहीच नाही, तरी कॉम्प्युटरवर काम करणारे ॲनिमेटर ते टेबलावर ठेवतात.

‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) या चित्रपटाचे ॲनिमेशन दिग्दर्शक असलेल्या विल्यम्स यांनी आपल्या लंडनच्या स्टुडिओत आर्ट बॅबिट, केन हॅरिस अशा जुन्या जाणत्यांना बोलावून त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली होती. तोवर हे ज्ञान बरंचसं गुरूकडून शिष्याकडेच जात असे. भारतातही असंच झालं. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्याला असा गुरू जवळ मिळत नाही, त्याच्यासाठी पुस्तक.

जुने नियम, नवं यंत्र

फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली. हालचालीआधीची तयारी, दबणं-ताणणं, वेळेचा हिशेब, हालचालीचा गोलावा, मुख्य हालचालीमागून येणारी हालचाल ही त्यातली काही. कागदावर चित्रं काढताना सापडलेली ही तत्त्वं कॉम्प्युटरलाही लागू पडतात, हे जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या एका शोधनिबंधात दाखवून दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचा ‘लक्सो ज्युनिअर’ हा जेमतेम दोन मिनिटांचा लघुपट आला होता. त्यात पात्रं म्हणजे टेबलावरचे दोन दिवे. ना डोळे, ना तोंड. तरीही लहान दिव्याचा खट्याळपणा आणि मोठ्याचा समंजसपणा फक्त हालचालीतून कळतो.

या तत्त्वांची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. विटी टोलवण्याआधी दांडू मागे जातो, ढोलावर टिपरू पडण्याआधी हात वर उचलला जातो. ही तयारी. लेझीम खेळणारी मुलगी थांबते, पण तिची वेणी क्षणभर पुढे झुलत राहते. ही मागून येणारी हालचाल.

कॉम्प्युटर काय करतो, काय करत नाही

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे फ्रेम असतात. ॲनिमेटर त्यातल्या मोजक्या, महत्त्वाच्या स्थिती ठरवतो. त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेम कॉम्प्युटर भरतो. नवशिक्याला वाटतं, झालं काम. फसगत इथेच होते.

चार फुटांवरून सोडलेल्या चेंडूचं उदाहरण घेऊ. तो जमिनीवर यायला साधारण अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम लागतात. पहिल्या ६ फ्रेममध्ये तो फक्त एक फूट खाली येतो आणि पुढच्या ६ फ्रेममध्ये उरलेले तीन फूट. कारण पडताना वेग वाढत जातो. कॉम्प्युटरला मात्र वर एक की-फ्रेम आणि खाली एक की-फ्रेम एवढंच दिलं, तर त्याला गुरुत्वाकर्षण कुठलं ठाऊक? ब्लेंडरची नेहमीची सेटिंग तशीच ठेवली तर तो सुरुवातीला हळू, मध्ये जोरात आणि शेवटी पुन्हा हळू असा हिशेब लावतो. चेंडू जमिनीजवळ येऊन मंदावतो आणि कापसावर ठेवल्यासारखा टेकतो. हे दुरुस्त करायला आलेख उघडून जमिनीजवळची रेघ तीव्र उताराची करावी लागते. किती उतार द्यायचा हा निर्णय माणसाचा.

कॅरेक्टर ॲनिमेशनचा बराचसा अभ्यास या एका उदाहरणात आहे. वजन दिसतं ते अंतरांच्या हिशेबातून. चेंडू लोखंडाचा की रबराचा, हे रंग न बदलता नुसत्या उडीवरून कळलं पाहिजे.

अभ्यासाचा क्रम

चांगल्या पुस्तकात धडे ठरावीक क्रमाने येतात आणि तो क्रम मोडू नये. पहिल्या दिवशी नाचणारं पात्र करायला घेणं हे कॉलेजातल्या मुलांचं हमखास थांबण्याचं कारण असतं.

१. चेंडू : आधी जागच्या जागी उसळणारा, मग पुढे जाणारा. त्यानंतर जड आणि हलका असे दोन.

२. लंबक आणि शेपूट : एक भाग हलला की दुसरा मागून कसा येतो, हे यात कळतं.

३. चाल : एका पावलात चार मुख्य स्थिती असतात. टाच टेकते ती पहिली. शरीराचं वजन पायावर येऊन गुडघा वाकतो आणि अंग सर्वांत खाली जातं ती दुसरी. मागचा पाय उभ्या पायाजवळून पुढे जातो ती तिसरी. शरीर वर उचललं जातं ती चौथी. साध्या चालीत एका पावलाला १२ फ्रेम धरल्या तर दोन पावलांचं चक्र २४ फ्रेमचं, म्हणजे सेकंदाचं होतं. टेकलेला पाय जमिनीवरून घसरला तर पात्र तरंगतंय असं वाटतं. नवशिक्याच्या चालीत हाच दोष सर्वांत जास्त दिसतो.

४. वजन उचलणं : पोतं किंवा भरलेली घागर उचलणारं पात्र.

५. अभिनय : एका वाक्याचा संवाद, चेहरा आणि हात.

प्रत्येक धड्यात आधी फक्त मुख्य स्थिती ठेवून पात्र एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी मारतं असं बघायचं. त्यात गोष्ट कळली तरच मधल्या फ्रेम भरायच्या.

पात्र आणि त्याचा सांगाडा स्वतः तयार करण्यात सुरुवातीला वेळ घालवू नये. ब्लेंडर स्टुडिओने ‘रेन’, ‘स्नो’ यांसारखी तयार पात्रं मोफत उपलब्ध करून दिली आहेत. सरावासाठी तेवढं पुरतं.

पुस्तक जुनं असेल तर

ब्लेंडर हे सॉफ्टवेअर नेदरलँड्समधल्या टोन रोझेंडाल यांनी सुरू केलं. कंपनी बंद पडल्यावर लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून २००२ मध्ये ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. तेव्हापासून त्याचा चेहरामोहरा अनेकदा बदलला. २००७ च्या पुस्तकात वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबा असं असतं. २०१९ च्या २.८० आवृत्तीपासून मात्र डावं बटण नेहमीचं झालं. जुनं पुस्तक आणि नवं सॉफ्टवेअर घेऊन बसलेला विद्यार्थी पहिल्याच पानावर अडतो आणि आपल्यालाच जमत नाही असं समजतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, पुस्तक ज्या आवृत्तीवर लिहिलं आहे तीच वापरणं. ब्लेंडरच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या अधिकृत साइटवर मोफत मिळतात. दोन, बटणांसाठी सध्याची अधिकृत माहितीपुस्तिका आणि हालचालीसाठी पुस्तक, अशी विभागणी करणं. खर्च करायचाच तर हालचालीच्या पुस्तकावर करावा. ते शिळं होत नाही.

पुस्तक जे देत नाही

चूक दाखवणारा डोळा पुस्तकाकडे नसतो. तीच चाल पन्नास वेळा बघितली की स्वतःला ती बरोबरच वाटू लागते. त्यासाठी मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून पात्राची हालचाल फ्रेमगणिक ताडून बघावी. काम आरशात उलटवल्यासारखं बघितलं तरी चुका डोळ्यांत भरतात. आणि घरातल्या कुणाला तरी, आजीला का असेना, दाखवून एकच प्रश्न विचारावा : हा काय करतोय? उत्तर चुकलं तर स्थिती चुकली.

भाषेचीही अडचण येते. ही पुस्तकं बहुतांश इंग्रजीत आहेत. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्याने यामुळे मागे हटायचं कारण नाही, कारण हालचालीच्या पुस्तकात मजकुरापेक्षा चित्रं अधिक बोलतात. पारिभाषिक शब्द तीस-चाळीसच असतात. त्यांची एक वही केली की पुढची पानं सोपी जातात.

शेवटी हातात काय हवं?

स्टुडिओत नोकरी मागताना प्रमाणपत्राच्या आधी बघितली जाते ती शोरील, म्हणजे केलेल्या कामाची छोटी चित्रफीत. त्यात दहा कच्चे तुकडे असण्यापेक्षा तीन पक्के असलेले चांगले : एक चाल, एक वजन, एक अभिनय. मोफत सॉफ्टवेअरवरचं काम दुय्यम मानलं जाईल, ही भीतीही आता धरायला नको. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरमध्येच तयार झाला आहे.

साधा लॅपटॉप असेल तर सरावाला अडचण येत नाही. पात्र करड्या रंगात, प्रकाश-छायेशिवाय ठेवून हालचाल बघता येते आणि शिकायची ती हालचालच. सहा महिने रोज दोन तास ठेवून चेंडूपासून चालीपर्यंतचे धडे पूर्ण करावेत. पुढे मोठ्या शहरातल्या कोर्सला पैसे घालायचे की नाही, याचा निर्णय घरच्यांना त्यानंतर हातातलं काम बघून घेता येतो.