संग्रहालयातील बालकार्यशाळा

संग्रहालयातील बालकार्यशाळा : संग्रहालयात मांडलेल्या वस्तूंवरून मुलांनी गोष्ट रचावी, ती सांगावी आणि चित्र, मातीकाम, मुखवटा किंवा बाहुलीतून साकारावी, यासाठी घेतला जाणारा उपक्रम. यात क्रमांक काढत नाहीत. गोष्ट कितीही कल्पनेची असली, तरी तिचा उगम समोरच्या खऱ्या वस्तूत असावा लागतो.

पार्श्वभूमी : खास मुलांसाठीचे जगातील पहिले संग्रहालय १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झाले. चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्रात मात्र पूर्वापार आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची पोथी पुढ्यात धरून, एकेक चित्र दाखवत वाद्यांच्या साथीने कथा गातात. तेथील परशुराम गंगावणे यांनी कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी यांचे संग्रहालय उभारले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

महाराष्ट्रातील संग्रहालये : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमधील फिरते संग्रहालय सुरू केले आणि २०१९ मध्ये आवारातच मुलांचे संग्रहालय उघडले. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. जुन्या मुंबईतील लोक व त्यांचे व्यवसाय दाखवणाऱ्या तेथील मातीच्या लहान प्रतिकृतींवरून मुलांना पात्रे सहज सुचतात.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे नावच एका मुलाचे आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी बालवयात गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारले आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. दिवे, दौती, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तूंचा हा संग्रह वीस हजारांच्या घरात आहे. त्यात पैठण शैलीची चित्रकथीची चित्रेही आहेत.

पद्धती : चांगल्या कार्यशाळेत पाहणे आधी आणि रंग नंतर येतात. उदाहरणार्थ, अडकित्त्यासमोर मुलांना बसवून विचारतात : याची पाती कोणती, सुपारी कुठे धरायची, दांड्यांना पक्ष्याचा किंवा घोड्याचा आकार का दिला असेल? मुले प्रथम रेखाटन करतात; त्यात बिजागरी नेमकी कुठे आहे, हे लक्षात येते. मग ‘हा कोणाच्या पानदानात होता?’ या प्रश्नावरून गोष्ट सुरू होते. वस्तूविषयीची खरी माहिती आणि मुलाची कल्पना यांतला फरक मार्गदर्शकाने शेवटी उलगडून सांगावा. तो मुलांना कळतो आणि आवडतोही. वस्तू काचेआड असल्यास हाताळण्यासाठी प्रतिकृती वापरतात.

पानशेत परिसर : राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पानशेत पुण्यापासून सुमारे ४० किमी.वर आहे. येथील मुलांना शहरातील संग्रहालय गाठायचे तर दिवस मोडतो. अशा ठिकाणी शाळेच्या वर्गातच प्रदर्शन मांडता येते. जाते, कणगी, घोंगडी, भातलावणीच्या पावसात डोक्यावर घ्यायचे बांबूच्या कामट्यांचे इरले या वस्तू अजून काही घरांच्या माळ्यावर सापडतात. आंबी नदीवरील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात पूर आला, हा इतिहास पाठ्यपुस्तकाबाहेरही घराघरांत सांगितला जातो. धरणासाठी गाव सोडावे लागलेल्या कुटुंबांकडे त्या जुन्या गावाच्या आठवणी आहेत. मुलांनी आजीआजोबांना विचारून प्रत्येक वस्तूखाली ती कोणी केली, कशी वापरली, केव्हा वापरातून गेली हे लिहिले आणि शाळेने ते जपले, तर कार्यशाळेतून गावाची नोंदच तयार होते. इरले विणणारे हात गावात आहेत तोवरच हे काम करून घेतले पाहिजे.