पिंपरी कॅम्पात कोट शिवायला टाकताना

अंग चोरून आत या. पिंपरी कॅम्पातली, म्हणजे फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतली, शिंप्याची ही खोली इतकी अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं बाहेरच थांबायचं. 1956 सालचा हिवाळा आहे. बाहेर हुडहुडी भरते, आत कोळशाच्या इस्त्रीनं घाम फुटतो. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली की लोकरीचा करपट वास थेट नाकात शिरतो. पायमशीन खडखडतंय, शेजारी काहीतरी चर्रकन तळलं जातंय, आणि दाराशी सिंधीत घासाघीस रंगली आहे.

"साईं, हात वर!" टेप तुमच्या छातीभोवती आवळला जातो.

तुम्ही हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नुकतेच चिकटलात. पेनिसिलिनच्या टाक्या रात्री थांबत नाहीत, म्हणून तुम्हालाही रात्रपाळी. पहाटे सायकल मारताना मुंबई-पुणे रस्त्यावरचं वारं गळ्यात घुसतं. शिवाय पुढच्या महिन्यात पुण्यात लग्न. तिथे कोटाचा गळा उघडा हवा, आतला पांढरा सदरा दिसायला हवा. दोन कोट कोणाला परवडतात? एकाच कोटानं दोन्ही निभवायचं.

पुढच्या खेपेला कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढतो. सगळी करामत गळ्याशी आहे. पुढच्या काठाची आतली पट्टीही कोटाच्याच कापडाची, कारण गळा उघडला की तीच लॅपल होऊन बाहेर दिसणार. डाव्या टोकाला दोऱ्याचा बारीक फासा, उजव्या कॉलरखाली दडलेलं बटण. फासा अडकवा. हनुवटीपर्यंत ऊब! सोडा, लॅपल आपसूक उलगडते.

आता शिंप्याचा हात नीट बघा. लॅपल वळते तिथे तो इस्त्री टेकवतच नाही. तिथे घडी कडक बसली, तर गळा बंद केल्यावर छातीवर तिरका व्रण उठेल. आतलं ताठ कापड, बकरम, तेही तो बेतानंच घालतो. हे आवरतं घेणं मला कापण्या-शिवण्याहून अवघड वाटतं.

"धोब्याला बजावून सांगा, इथे इस्त्री नको."

आगाऊ पैसे मोजा आणि सरका. मागच्या माणसाच्या खांद्यावर महायुद्धातलं जाडंभरडं लष्करी जाकीट आहे. साधे शिपाई त्याचा गळा आकड्यानं बंद ठेवत, साहेब लोक तोच उघडून टाय बांधत. त्याला साहेबांसारखा गळा हवाय, आणि तोही रविवारच्या आत.