मोडीचा भाव

गेल्या आठवड्यात कपाटाचा खण आवरायला काढला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आवरणं म्हणजे एकेक वस्तू हातात घेऊन, दोन मिनिटं बघून, पुन्हा होती तिथेच ठेवणं! तर त्या खणात जुन्या पावत्या आणि सुट्या बटणांच्या खाली एक करडा प्लॅस्टिकचा तुकडा सापडला. काडेपेटीएवढा, पण चपटा. त्याच्या लेबलवर निळ्या बॉलपेनने, वेड्यावाकड्या देवनागरीत माझ्या नातवाचं नाव लिहिलंय. हा व्हिडिओ गेम आहे आणि त्याची किंमत शून्य आहे. हे मी ठरवलेलं नाही, एका दुकानाने सांगितलं होतं. त्याचीच ही गोष्ट. सांगता सांगता थोडा इतिहासाचा तासही होईल. इतकी वर्षं शिकवल्यावर खोड जात नाही.

२००९ साली मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला गेले. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. सकाळी तासभर मी त्याला देवनागरी शिकवायची. अक्षरं जुळायला लागल्यावर त्याला नाव लिहायचं वेडच लागलं. वह्यांवर, फ्रिजवर, डब्याच्या झाकणावर, जिथे जागा दिसेल तिथे नाव.

एक दिवस तो बुटांचा खोका घेऊन आला. आत अकरा गेम्स. खेळून कंटाळलेले, वर्ष वर्ष हात न लावलेले. ते दुकानात द्यायचे आणि त्या बदल्यात नव्या गेमवर सूट घ्यायची, असा बेत. आम्ही तिघं गेलो. काउंटरवरचा मुलगा एकेक गेम उचलून उलटसुलट करून बघायचा, कॉम्प्युटरवर भाव काढायचा आणि बाजूला ठेवायचा. सहा डॉलर, तीन डॉलर, एक डॉलर, पन्नास सेंट... दहा गेम्सचे मिळून सव्वीस डॉलर झाले. तेही दुकानातच खर्च करायचे असतील तर. रोख हवे असतील तर एकवीस. अकरावा गेम त्याने परत केला. लेबलवर पेनने काहीतरी लिहिलंय, हा विकला जाणार नाही, म्हणाला.

मला हे ओळखीचं वाटलं. लहानपणी आई फुटकी कळशी घेऊन तांबट आळीत जायची. तांबट जुन्या भांड्याची मोड वजनावर धरायचा, घट कापायचा आणि वर पैसे घेऊन नवी कळशी द्यायचा. सोनाराकडेही तेच. दारावर येणाऱ्या बोहारणीची तर गोष्टच सोडा, तिच्याशी घासाघीस करण्यात आमच्या वाड्यातल्या बायकांची दुपार जायची. पण इथे घासाघीस नव्हती. कॉम्प्युटर म्हणेल तो भाव.

बाहेर पडताना माझी नजर फळीवर गेली. सहा डॉलरला आम्ही दिलेला तोच गेम तिथे अठरा डॉलरला लावलेला! माझ्यातली मास्तरीण जागी झाली. लेकीला म्हटलं, अगं, पोराला फसवलं यांनी. ती हसली. नातू मात्र गंभीरपणे म्हणाला, "आजी, माझा तो खेळून झालाय. आणि जो अठराला घेईल त्याचेपण पैसे वाचतील ना?" मला उत्तर सुचलं नाही. नाकारलेला गेम त्याने माझ्या हातात ठेवला. "हा तू ठेव. माझं नाव आहे त्यावर."

पुढे कधीतरी उत्सुकता म्हणून मी या व्यवहाराचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात रमलेच.

व्हिडिओ गेम्सच्या सुरुवातीच्या काळात नकोशा झालेल्या गेमचं काय होत असे, याचं एक टोकाचं उदाहरण आहे. १९८३ साली अमेरिकेत हा धंदा कोसळला. अटारी कंपनीने न खपलेली कार्ट्रिजं ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरली. त्यात 'ई.टी.' या सिनेमावरचा फसलेला गेमही होता. कित्येक वर्षं लोकांना ही दंतकथाच वाटायची. २०१४ साली तो डेपो उकरला तेव्हा कार्ट्रिजं खरोखरच निघाली, आणि त्यातलं एक पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं. म्हणजे ज्याला मोडीचाही भाव नव्हता ते थेट वस्तुसंग्रहालयात!

नंतर निन्टेन्डोमुळे धंदा सावरला. १९८८ साली मिनेसोटात डेव्हिड पोमिजे नावाच्या माणसाने फन्को ही कंपनी काढली. वापरलेले गेम्स विकत घ्यायचे, तपासायचे, पुन्हा विकायचे. वर्तमानपत्री कागदावर बारीक अक्षरांत भावाची यादी छापलेली असे. मुलांना त्या यादीमुळे पहिल्यांदा कळलं की आपल्या खोलीत पडलेल्या वस्तूला बाजारात दर आहे. तिकडे डॅलसमध्ये १९८४ साली दोन मित्रांनी बॅबेजेस नावाचं दुकान सुरू केलं होतं. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाचं नाव त्याला दिलेलं. अनेक विलीनीकरणं आणि एक दिवाळखोरी पार करून त्यातूनच गेमस्टॉप उभी राहिली. २००० साली फन्को तिच्यात आली आणि २००५ साली इलेक्ट्रॉनिक्स बुटीक ही प्रतिस्पर्धी साखळीही. माझ्या नातवाच्या शाळकरी वयात गेमस्टॉपच्या एकूण विक्रीत वापरलेल्या मालाचा वाटा साधारण पाव होता, पण ढोबळ नफ्यातला वाटा जवळजवळ निम्मा! नव्या गेमवर दुकानाला थोडंच सुटायचं. खरी कमाई नातवासारख्या मुलांच्या बुटांच्या खोक्यांतून व्हायची. आणि रोख पैशापेक्षा सूट जास्त का, तेही यातच आलं. सूट घेणारा गिऱ्हाईक परत त्याच दुकानात येतो.

पण मुळात दुसऱ्याने बनवलेला गेम पुन्हा विकायचा हक्क दुकानाला कुठून आला? इथे मला माझ्या आवडीचं प्रकरण सापडलं, तेही पुस्तकाचं. १९०४ साली इंडियानापोलिसच्या बॉब्स-मेरिल या प्रकाशकाने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली. किंमत एक डॉलर, आणि याहून कमी किमतीला विकाल तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल, अशी तंबी आत छापली. न्यू यॉर्कच्या मेसीज दुकानाने ती खुशाल ८९ सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ साली निकाल लागला की प्रत एकदा विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. नव्या प्रती छापायचा हक्क त्याचा, हातातली प्रत मात्र घेणाऱ्याची. अकरा वर्षांचा मुलगा काउंटरवर खोका उघडतो तेव्हा त्याच्या पाठीशी हा निकाल उभा असतो. त्याला अर्थातच ते माहीत नसतं.

गेम बनवणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वर्ग दोन्ही बाजूंनी भरवायचा असतो. शेकडो माणसं दोन-तीन वर्षं राबून एक गेम करतात. तो चार वेळा विकला गेला तर पैसे त्यांना एकदाच मिळतात, बाकीच्या तीन वेळा दुकानाला. जपानमध्ये कंपन्या यावरून कोर्टात गेल्या, पण २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही जुने गेम विकणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मग कंपन्यांनी दुसरे मार्ग काढले. २०१० साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने नव्या डबीत एकदाच चालणारा आकडा घालायला सुरुवात केली. जुना गेम घेणाऱ्याला इंटरनेटवर खेळायचं तर आणखी दहा डॉलर मोजावे लागत. लोक चिडले आणि २०१३ साली ते बंद झालं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या नव्या यंत्रावर जुन्या गेम्सच्या देवाणघेवाणीला बंधनं घालायचं जाहीर केलं. इतका गदारोळ उठला की महिन्याभरात, १९ जूनला, माघार घ्यावी लागली. सोनीने तर एक छोटी फिल्मच काढली होती. आमचा गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी ठेवतो. संपलं!

लोक जिंकले, असं तेव्हा वाटलं. पण झालं काय, डबीच हळूहळू नाहीशी झाली. गेम इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरायला लागला. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ चा एक प्रकार डिस्कच्या खाचेशिवायच होता. कोर्टात जे जमलं नाही ते सोयीने करून दाखवलं. त्यावर कोणी मोर्चा काढत नाही. २०२१च्या जानेवारीत गेमस्टॉपचं नाव जगभर गाजलं, पण ते शेअर बाजारातल्या उलथापालथीमुळे. खोका घेऊन येणारी मुलं तोवर कमी झाली होती.

परवा व्हिडिओ कॉलवर नातवाला विचारलं, तुझ्याकडे हल्ली किती गेम्स आहेत रे? तो आता सत्तावीसचा आहे, नोकरी करतो. म्हणाला, "दोनशेच्या वर असतील. निम्मे खेळलोच नाही." मग दे की दुकानात! तो हसला. "आजी, ते देता येत नाहीत. ते माझ्याकडे आहेत, पण तसे माझे नाहीत."

हे वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. त्यानेच मग सांगितलं की २०१४ साली आलेला 'द क्रू' हा गाड्यांचा गेम कंपनीने २०२४च्या मार्चअखेर बंद केला. सर्व्हर बंद, गेम बंद. ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांच्याही हातात नुसती चकती उरली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला. अशा वस्तूला 'विकत घ्या' म्हणायचं असेल, तर तुम्हाला फक्त वापरायचा परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागेल. चांगलंच आहे. पण त्यात सांगण्याची सक्ती आहे, देण्याची नाही. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत दिसलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात नव्याने मिळतच नाहीत. जे मिळतात ते जुन्या बाजारात, कोणाच्या तरी खोक्यातून निघालेले.

मी मुलीला म्हटलं होतं, पोराला फसवलं. आज वाटतं, त्या दिवशी तो जितका मालक होता तितका आज नाही. मोडीचा भाव कमी असतो, अपमानास्पदही असतो. पण मोड घालायला वस्तू आपली असावी लागते.

माझ्याकडे दोन कपाटं पुस्तकं आहेत. ती कुठे जाणार हा प्रश्न रात्री कधीकधी झोप उडवतो. काही शाळेला दिली, काही शेजारच्या मुलीने नेली. उरलेली बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूत जातील, किलोवर. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आमच्या लहानपणी वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची पद्धत होती. पहिल्या पानावर दोन-तीन नावं खोडलेली असायची, त्याखाली आपण आपलं लिहायचं. खोडलेल्या नावांतलं एखादं ओळखीचं निघालं तर कोण आनंद व्हायचा! पुस्तक हातोहात आलंय, याची ती नोंदच असे.

नातवाच्या दोनशे गेम्सवर नाव लिहायला जागाच नाही. या एकावर आहे, म्हणून तर तो कुणी घेतला नाही. डिसेंबरात तो इकडे येतोय. म्हणाला, जुनं यंत्र अजून आहे, घेऊन येतो, बघू चालतो का.

मी पुन्हा खणात ठेवलाय. या वेळी वरच, पावत्यांच्या खाली नाही.